पेंग्विन सात मैल पलीकडे

मेलबर्नच्या दक्षिणेला मुराबिन विमानतळ आहे. तिकीट काढून प्रवास करणारी माणसं इथे फिरकत नाहीत. इथे येतात ती उडायला शिकणारी आणि त्यांना शिकवणारी. दिवस उजाडला की दोन-चार आसनांची सेसना आणि पायपर विमानं घोंघावायला लागतात आणि आजूबाजूच्या गोल्फ कोर्सवरचे लोक कपाळाला आठ्या घालून वर बघतात. इथल्या एका फ्लाइंग स्कूलच्या काउंटरवर मी शनिवार-रविवार बसते. बुकिंग लिहायचं, विमानाची चावी आणि कागदांची फाइल द्यायची, माणूस परत आला की मीटरचा आकडा उतरवून बिल करायचं. इन्स्ट्रक्टर मंडळींना विद्यार्थी हवेत दिसतात. आम्हाला ते जमिनीवर दिसतात, म्हणजे खऱ्या रूपात.

आणि जमिनीवर प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो : लायसन्स तर मिळालं, आता जायचं कुठे?

हे लायसन्स म्हणजे रिक्रिएशनल पायलट लायसन्स, बोलताना आरपीएल. आमच्याकडचे जुने पायलट अजून त्याला ‘रिस्ट्रिक्टेड प्रायव्हेट’ म्हणतात, कारण त्यांच्या तरुणपणी पुऱ्या प्रायव्हेट लायसन्सच्या आधीची पायरी त्या नावानं ओळखली जायची. मधली काही वर्षं तिच्या जागी जीएफपीटी नावाची परीक्षा होती. १ सप्टेंबर २०१४ ला ऑस्ट्रेलियात नवे नियम लागू झाले आणि आरपीएल आलं. साध्या आरपीएलवर जिथून उडालात तिथून २५ नॉटिकल मैलांच्या आत फिरायचं, किंवा त्या विमानतळाच्या ट्रेनिंग एरियात, किंवा तिथे जाण्या-येण्याच्या थेट वाटेवर. दिवसा, आणि बाहेर बघून उडायचं. विमान एका इंजिनाचं, वजन १,५०० किलोपर्यंत. त्यापलीकडे जायचं असेल तर नेव्हिगेशनचं एंडोर्समेंट घ्यावं लागतं, त्यासाठी वेगळं शिक्षण आणि वेगळी परीक्षा.

आमच्या भिंतीवर नकाशा आहे. मुराबिनवर एक टाचणी आणि टाचणीला दोरा. दोरा ताणून फिरवला की २५ मैलांचं वर्तुळ होतं. नॉटिकल मैल साध्या मैलापेक्षा मोठा असतो, त्यामुळे हे अंतर ४६ किलोमीटरांच्या थोडं वर जातं. मुंबईकरांना मी सांगते, सीएसएमटीवर टाचणी मारा आणि दोरा सरळ ताणा. कल्याण जेमतेम आत येतं, अंबरनाथ बाहेर राहतं. हे ऐकून मुंबईकर खूश होतात आणि अंबरनाथकर दुखावतात.

एका शनिवारी सोलापूरचं एक कुटुंब आलं. मुलगा इथे आयटीत, आठवड्याला एक लेसन घेत घेत त्यानं आरपीएल मिळवलेलं. आई-बाबा पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात आले होते आणि सोबत त्याची आत्या. आत्याबाईंनी काउंटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काय हो ताई, हा म्हणतोय विमानानं पेंग्विन दाखवतो. परत यायला किती वाजतील? माझी साडेसातची गोळी असते.”

पेंग्विन म्हणजे फिलिप आयलंडचे. संध्याकाळी समुद्रातून छोटे पेंग्विन रांगेनं किनाऱ्यावर येतात आणि जगभरचे लोक तिथे बसून त्यांची वाट बघतात. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं की त्यानं दोरा ताणून बघितलेला नाही. मी ताणला. पेंग्विनांचा किनारा मुराबिनपासून ३२ मैलांवर आहे. सात मैल बाहेर. आमच्या शाळेचा ट्रेनिंग एरिया तर त्याच्याही खूप अलीकडे संपतो.

“सात मैल ना? एवढं कोण बघतंय वर?” बाबा म्हणाले. हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात एक माणूस विचारतोच आणि बहुतेक वेळा तो बाबा असतो.

पण समजा, दोरा सात मैलांनी लांबवला. पेंग्विन येतात सूर्य मावळल्यावर. दिवसाच्या लायसन्सवाल्या माणसानं ‘लास्ट लाइट’च्या किमान दहा मिनिटं आधी उतरलेलं असलं पाहिजे, म्हणजे संधिप्रकाश संपायच्या आत. पेंग्विन बघून अंधारात परत येणं या लायसन्सवर कुठूनही बसत नाही. आत्याबाईंना हे एकदम पटलं. “म्हणजे हे विमान दिवेलागणीला घरी पाहिजे,” त्या म्हणाल्या. नियमाचं इतकं नेमकं मराठी मी आमच्या इन्स्ट्रक्टरला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो नुसता हसला. दिवेलागण म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार?

मग निघाला वजनाचा विषय, आणि या कामातला माझा सगळ्यात नावडता भाग तोच आहे. सेसना १७२ मध्ये चार सीट असतात, म्हणून लोक चार माणसं आणतात. आमच्या एका १७२ चं जास्तीत जास्त वजन १,१११ किलो आहे. रिकामं विमानच साडेसातशेच्या आसपास भरतं. राहिले साधारण ३६० किलो. ८० किलोची चार माणसं बसवली तर ४० किलो उरतात. विमानाचं पेट्रोल लिटरला सुमारे पाऊण किलो, म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर. टाकी जवळपास २०० लिटरची. चार भरलेल्या सीट आणि भरलेली टाकी हा योग या विमानात येत नाही. एक काहीतरी सोडावं लागतं, आणि शहाणा माणूस पेट्रोल सोडत नाही.

त्यामुळे मी काउंटरखालचा वजनकाटा पुढे सरकवते. माणसं वय सांगतात, पगार सांगतात, वजन मात्र लग्नाच्या वेळचं सांगतात. आत्याबाईंनी तर पर्ससकट काट्यावर उभं राहायला ठाम नकार दिला. शेवटी ठरलं असं की आई-बाबा जाणार आणि आत्या काउंटरवर बसून चहा पिणार. तेवढ्यात आईंच्या पिशवीतून शेंगाचटणीच्या पाकिटांचा गठ्ठा निघाला, “वर भूक लागली तर.” तोही काट्यावर चढला. विमान मॉर्निंग्टन द्वीपकल्पाच्या आतल्या किनाऱ्यानं आर्थर्स सीटच्या टेकडीपर्यंत गेलं, जे दोऱ्याच्या आत आहे, आणि तासाभरात परत आलं. बाबा उतरले तेव्हा सात मैलांचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांचा चेहरा थोडा हिरवट होता. उन्हाळ्यातल्या दुपारच्या हवेत छोटं विमान हादरे देतं, ते दोऱ्याच्या आतही देतं.

दोऱ्याबद्दल मला लोकांना सारखं सांगावं लागतं की आतलं सगळं तुमचं नाही. वर्तुळाला भोकं आहेत. मेलबर्न शहराच्या उंच इमारती आमच्या धावपट्टीवरून दिसतात, १२-१३ मैलांवर. प्रत्येक नव्या पायलटला पहिला फोटो तिथलाच हवा असतो. पण शहरावरची हवा नियंत्रित आहे. मेलबर्नच्या मोठ्या विमानतळाची जेट आणि एसेंडन विमानतळाची विमानं तिथून जातात. तिथे शिरायला कंट्रोल्ड एअरस्पेसचं एंडोर्समेंट हवं, आणि ते असलं तरी रडारवरच्या माणसाची परवानगी हवी. ती पुष्कळदा मिळत नाही. “क्लिअरन्स नॉट अव्हेलेबल” हे शब्द रेडिओवर अतिशय सभ्य आवाजात येतात. मुराबिनच्या डोक्यावरही छत आहे : २,५०० फुटांवर नियंत्रित हवा सुरू होते, आणि बाहेर जावं तसं ते छत पायऱ्यापायऱ्यांनी वर जातं. नकाशावर दोरा सपाट दिसतो. खरं बंधन उभं आहे. आमच्याकडे ज्यांना कंट्रोलरकडून ‘खाली उतरल्यावर फोन करा’ असा निरोप येतो, ते जवळजवळ सगळे पायरी चुकलेले असतात, २५ मैल ओलांडलेले नव्हे.

याची उलटी बाजूही आहे. मुराबिनला स्वतःचा टॉवर आहे, म्हणून इथे शिकणाऱ्याला टॉवरशी बोलत उडण्याचं एंडोर्समेंट सुरुवातीपासूनच घ्यावं लागतं. पण आग्नेयेला टुराडिन किंवा दक्षिणेला टायब इथे टॉवर नाही; पायलट आपसात रेडिओवर बोलून उतरतात. तिथे शिकलेल्या एका निवृत्त सुतारकाकांना आमच्या शेजारच्या दुकानातून एक सुटा भाग हवा होता. अंतर वीस मैलांच्या आसपास, दोऱ्याच्या पूर्ण आत. पण टॉवरचं एंडोर्समेंट नाही. ते गाडी काढून आले, वाटेत रहदारीत अडकले आणि काउंटरवर टेकून म्हणाले की मला तुमचा कॅरम दिसतो, पण तुमचं दार दिसत नाही. (कॅरम म्हणजे आपला कॅरम नव्हे, पॅटरसन नदी उपसागराला मिळते ते गाव. मुराबिनला उतरायला येणाऱ्यांनी जिथून टॉवरला हाक द्यायची, अशा ठरलेल्या जागांपैकी ती एक.)

त्या जागांचीही गंमत आहे. एक ब्राइटन, एक जीएमएच, म्हणजे डॅन्डेनाँगचा होल्डन मोटारींचा जुना कारखाना. होल्डननं ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१७ मध्ये थांबवलं, तरी रेडिओवर कारखाना चालूच आहे. आणि एक अकॅडमी : ग्लेन वेव्हर्लीची पोलीस अकादमी. सांगलीच्या एका विद्यार्थ्यानं घरी फोनवर सांगितलं की आज पोलिसांच्या डोक्यावरून वळलो. घरच्यांनी रात्रभर काळजी केली.

जमिनीवरच्या खुणा ओळखणं हे आमच्याकडे अर्धं शिक्षण आहे, कारण चुकीची धावपट्टी वरून बरोबर दिसू शकते. नवीन मुलं हे ऐकून नाक मुरडतात, तेव्हा मी त्यांना जुहू सांगते. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. नंतर ते तिथून उडवून बाहेर काढलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच जुहूला उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुन्हा उडण्यालायक राहिलं नाही. माणसं वाचली. ते अनुभवी विमानचालक होते, आणि दोन धावपट्ट्यांमध्ये काही किलोमीटरचंच अंतर. मुलं मग मुकाट्यानं नकाशा उघडतात.

शनिवारी दुपारी हँगरपुढच्या बाकावर जो वाद रंगतो तो वेगळाच. समजा मी मुराबिनहून टायबला उतरलो, अंतर १८ मैल. आता मी टायबहून उडालो, तर दोरा टायबवर ठेवायचा ना? मग तिथून आणखी २५? अशा उड्या मारत सिडनी गाठता येईल का? नियमांची पानं फोनवर उघडली जातात, आवाज चढतात. आमच्या मुख्य इन्स्ट्रक्टरनं एकदा आपला सँडविच संपवला आणि एवढंच म्हटलं, “ज्याला हा प्रश्न पडला, तो नेव्हिगेशन शिकायला तयार झालाय. मंगळवारी दोन वाजता जागा आहे.” वाद घालणाऱ्यांपैकी एकानं खरंच बुकिंग केलं. बाकीचे पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच बसले होते.

टायबवरून आठवलं. तिथे धावपट्टीपासून फार लांब नाही असा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार आहे, त्यामुळे आमचे आरपीएलवाले तिथे फार जातात. जूनमध्ये इथे सूर्य सव्वापाचच्या आधीच मावळतो. आमचा एक जण, पेशानं दंतवैद्य, पितळी दिवे बघण्यात रमला आणि बाहेर आला तेव्हा पश्चिमेला ढग जमून उजेड लवकर चाललेला. १८ मैल म्हणजे दहा-बारा मिनिटांचा पल्ला. कोणीही म्हणालं असतं, पटकन जाऊ. त्यानं विमान दोरांनी बांधलं, मला फोन केला आणि स्टोनी पॉइंटच्या डिझेल गाडीत बसला. फ्रँकस्टनला गाडी बदलून, हेडसेटची बॅग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिवा मांडीवर घेऊन घरी पोचला. दुसऱ्या दिवशी ते विमान ज्यांनी बुक केलं होतं त्यांचे फोन मला घ्यावे लागले, शिव्या मी खाल्ल्या. तरी सांगते, मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं उड्डाण म्हणजे ते न केलेलं.

प्रवाशांच्या बाबतीत हे लायसन्स बरंच मोकळं आहे. तीन महिन्यांत, नेमकं सांगायचं तर ९० दिवसांत, तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असली की माणसं बसवता येतात. फक्त डॉक्टर आड येतो. मोटारचालकांच्या निकषांवर बेतलेलं सोपं मेडिकल सर्टिफिकेट घेतलं, तर एका वेळी प्रवासी एकच. आमच्याकडच्या डोंबिवलीच्या एका काकांचं तसं सर्टिफिकेट आहे. पहिल्या दिवशी काकू, मुलगा, सून आणि नात असे सगळे हजर. पहिला मान कोणाचा, यावर पार्किंगमध्येच चर्चा सुरू झाली. काकूंनी सुनेला पुढे केलं, सून म्हणाली आई तुम्हीच जा, आणि हे इतका वेळ चाललं की माझ्या लक्षात आलं, दोघींनाही जायचं नव्हतं. शेवटी नात गेली. ती खाली येऊन काकूंना म्हणाली, “आजी, आजोबा वर गेल्यावर अजिबात ओरडत नाहीत.” मग काकू तयार झाल्या.

आणि सोळा वर्षांची मुलं! आरपीएल सोळाव्या वर्षी मिळतं. व्हिक्टोरिया राज्यात मोटार एकट्यानं चालवायला अठरा पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे एक मुलगा दर रविवारी पिवळी ‘एल’ पाटी लावलेली गाडी चालवत येतो, शेजारी वडील डॅशबोर्डला धरून. आत आला की मुलगा चावी घेतो आणि वडिलांना प्रवासी म्हणून विमानात बसवतो. तिथे वडिलांनी काही धरायचं नसतं. परतीच्या रस्त्यावर पुन्हा वडील साहेब.

पैशाचं एक सांगते. खाजगी उड्डाणाचा खर्च पायलटसकट सगळ्यांनी सारखा वाटून घेतलेला चालतो. गिऱ्हाईक गोळा केलेलं चालत नाही. एका उत्साही दादानं गणपतीच्या दिवसांत मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : आकाशातून मेलबर्न, माणशी अमुक डॉलर, लहान मुलांना सूट. लहान मुलांना सूट वाचून मला हसू आलं, पण इन्स्ट्रक्टरला मी त्याचं भाषांतर करून दाखवलं तेव्हा तो हसला नाही. संध्याकाळच्या आरतीच्या आत तो मेसेज पुसला गेला.

नव्या माणसाचा दुसरा आठवडा आला की तो हळूच विचारतो, ते यूएफओचं विमान इथूनच उडालं होतं ना? हो, इथूनच. २१ ऑक्टोबर १९७८ ला संध्याकाळी फ्रेडरिक व्हॅलेंटिक नावाचा वीस वर्षांचा पायलट मुराबिनहून सेसना १८२ घेऊन किंग आयलंडला निघाला. बास सामुद्रधुनीवर असताना त्यानं मेलबर्नला रेडिओवर कळवलं की आपल्यावरून दिवे असलेलं काहीतरी फिरतंय. थोड्या वेळानं संपर्क तुटला. विमान सापडलं नाही. १९८३ मध्ये फ्लिंडर्स आयलंडवर इंजिनाच्या आवरणाचा एक तुकडा वाहून आला. तो सेसना १८२ चाच होता आणि त्याचा क्रमांक या विमानाशी जुळेल अशा गटातला होता. सरकारी चौकशीत कारण निश्चित झालं नाही.

बाकावर या गोष्टीचे दोन पंथ आहेत. एक तबकडीचा. दुसऱ्या पंथातले म्हातारे इन्स्ट्रक्टर तबकडीविषयी बोलतच नाहीत. ते सांगतात की हा मुलगा आधी सिडनीजवळ नियंत्रित हवेत घुसला होता, दोनदा मुद्दाम ढगात शिरला होता. त्याला रात्री उडायची मुभा होती, पण फक्त बाहेरचं दिसत असेल तर. अंधार पडताना समुद्रावर क्षितिज नाहीसं होतं आणि माणसाला वर-खाली कळेनासं होतं, हे त्यांना तबकडीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. मी दुसऱ्या पंथाची. पण टी-शर्ट पहिल्या पंथाचेच खपतील, हे मला माहीत आहे.

आमच्याकडे महाराष्ट्रातून येणारी मुलं बरीच आहेत. त्यांना कमर्शियल लायसन्स करून भारतात नोकरी हवी असते. आरपीएल हा त्यांच्या वाटेवरचा पहिला टप्पा. घरी मात्र ‘पायलट झाला’ अशी बातमी तेव्हाच जाते आणि पेढे वाटले जातात. कोल्हापूरचा एक मुलगा सुट्टीवर निघाला होता. कार्ड खिशात. आल्या आल्या त्यानं विचारलं, “ताई, हे घेऊन मी जुहूला विमान भाड्यानं घेऊ शकतो का? पंचवीस मैलांच्याच आत फिरीन.”

नाही. हे लायसन्स फक्त ऑस्ट्रेलियात चालतं. भारतात उडायचं तर तिथल्या डीजीसीएचे कागद लागतात, आणि त्यांना हे अर्धं कार्ड नको असतं.

त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “आणि कोल्हापुरात नुसतं दाखवलं तर?”

दाखवायला मर्यादा नाही, मी म्हटलं. तो विमानतळावर गेला, मुंबईचं तिकीट काढून, प्रवासी म्हणून. पंधरा दिवसांनी परतला तेव्हा त्या कार्डाच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचा डाग होता.